चौथ्या जागेवरची झाडं

सकाळी सातला उद्यान खात्याच्या आवारातल्या फळ्यावर तोडायच्या झाडांची यादी लागली आणि मुकादमबाई ती वाचायला उभ्या राहिल्या. त्या वाचायला लागल्या की मागच्यांनी खुशाल चहा पिऊन यावं, असा टोळीतला जुना विनोद होता. अक्षरं त्यांच्या हाती लागली ती वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तीही सुनेनं रोज संध्याकाळी समोर बसवून शिकवली म्हणून. ओळीखाली बोट धरायचं, ओठ हलवायचे आणि एक शब्द पुरता गिळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. वेळ लागायचा, पण एकदा वाचलेलं त्या विसरत नसत.

पहिलं झाड कालव्याच्या रस्त्यावरचं. दुसरं त्याच्या शेजारचं. तिसरं दवाखान्याच्या भिंतीलगतचं. सातव्या झाडाशी बोट थांबलं आणि मुकादमबाईंनी पुन्हा वरपासून सुरुवात केली.

"बाई, पाठ करताय की काय?" मागून लंब्या म्हणाला. लंब्या हा टोळीतला झाडावर चढणारा गडी. अंगात मांस कमी आणि हाडं जास्त, त्यामुळे कुठलीही फांदी त्याला नाही म्हणत नसे.

"गप रे. ही तोडायचीच यादी ना?"

"वर काय लिहिलंय?"

"तोडायची."

"मग तोडायचीच. वाचायला तुम्ही शिकलात आणि खात्री माझ्याकडून करून घेता!"

मुकादमबाई हसल्या नाहीत. अडतीस वर्षं त्या या खात्यात होत्या. पंचवीस वर्षं करवत ओढली आणि गेली तेरा वर्षं आजारी झाडांची टोळी सांभाळली. कीड लागलेली, साल सोललेली, गाडीनं धडक दिलेली झाडं त्यांच्याकडे यायची. कुजलेला भाग कोरून काढायचा, जखमेला काळा लेप लावायचा, मुळांशी घट्ट बसलेली माती मोकळी करायची, वाकलेल्या फांदीला टेकू द्यायचा, आणि मग धीर धरायचा. सध्या त्यांच्या हाताखाली एकेचाळीस झाडं होती. फळ्यावरच्या यादीतही एकेचाळीसच होती, आणि ती हीच होती. एक कमी नाही, एक जास्त नाही. एखाद्या दवाखान्यातल्या सगळ्या रोग्यांची नावं ओळीनं लिहावीत आणि वर मथळा द्यावा 'पुरायचे', तसा प्रकार.

आणखी एक गोष्ट होती. शाळेच्या फाटकाजवळचं सुरूचं झाड आतून पोकळ झालं होतं. वारा आला की ते कण्हायचं. तसली सहा झाडं मुकादमबाईंनी स्वतः मागच्या आठवड्यात 'तोडायचं' म्हणून नोंदवली होती. त्यांतलं एकही यादीत नव्हतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात उंच शिडीची मोठी गाडी घरघरली. ती बाहेरून मागवलेली, फक्त एका दिवसासाठी मिळालेली. तोडणारी माणसं चढून बसली होती आणि पहिला मुक्काम कालव्याचा रस्ता. लंब्यालाही त्यांच्याबरोबर जायचं होतं. मुकादमबाईंनी त्याची बाही धरली.

"लंब्या, मी येईपर्यंत एकाही झाडाला करवत लागता कामा नये."

"अहो, मी काय करणार? गाडी त्यांची, करवत त्यांची."

"चढणारा तूच ना? इतकी वर्षं कामाला उशीर करतोस, आज तेच कर. मन लावून कर."

लंब्यानं छातीवर हात ठेवला. "एवढं सोपं काम तुम्ही कधी दिलं नव्हतं," म्हणाला आणि गाडीवर चढला.

* * *

साहेब आपल्या खोलीत होते. माणूस वाईट नव्हता. पण झाडं त्यांनी बहुतेक नकाशावरच पाहिलेली. त्यांचं सगळं काम उंटावरून शेळ्या हाकण्याचं.

"साहेब, गाडी थांबवा. यादी चुकलीय."

"बसा, मुकादमबाई." साहेबांनी खुर्ची दाखवली. "मला वाटलंच होतं तुम्ही याल. झाडांवर तुमची माया आहे, ती मी समजतो. पण ही यादी यंत्रानं काढलेली आहे. यंत्र कुणाकडून चहा पीत नाही आणि कुणावर रुसत नाही."

"चहा पीत नसेल, पण काहीतरी प्यालंय खास. माझी सगळीच्या सगळी झाडं तोडायची आणि ती पोकळ सुरू शाळेच्या पोरांच्या डोक्यावर ठेवायची?"

"तुम्ही सुरू नोंदवलीच नसेल."

"तुमच्या यंत्रातच बघा."

साहेबांनी समोरच्या पडद्यावर शोधलं. सुरू सापडली. जागा बरोबर, घेर बरोबर, तारीख बरोबर. आणि जिथे झाडाची अवस्था लिहिलेली असायची, तिथे काहीच नव्हतं. कोरी जागा.

"बघितलंत? तुम्ही अवस्था भरायला विसरलात."

"साहेब, माझं वय झालंय, पण सहाच्या सहा झाडांना विसरण्याइतकं नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं करा. ज्यांनी हे यंत्र बसवलं त्यांनी मला लेखी द्यावं, की यादी चुकली आहे. मी त्या क्षणी गाडी थांबवतो. तोंडी सांगण्यावर थांबवली तर उद्या प्रत्येकजण आपापल्या झाडासाठी येऊन उभा राहील."

ज्यांनी यंत्र बसवलं, म्हणजे मुकादमबाईंची सून. मुलगा जहाजावर कामाला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरी सासू आणि सून दोघीच. सून खात्याच्या संगणक विभागात पाच महिन्यांपूर्वी लागली होती, आणि कायम करायचं की नाही ते सहाव्या महिन्यानंतर ठरणार होतं. मुकादमबाईंना हे सगळं माहीत होतं. फोन हातात घेऊन त्या जिन्यात दोन पायऱ्या उतरून नुसत्याच उभ्या राहिल्या. मग त्यांना कालव्याच्या रस्त्यावर थांबलेली गाडी डोळ्यांपुढे दिसली आणि त्यांनी बटण दाबलं.

"अगं, आहेस तशी ये. तुझ्या यंत्रानं माझी झाडं मरणाला काढलीत."

* * *

सून दहा मिनिटांत सायकलवरून आली. केस ओले, एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. यादी पाहिली, सुरूची कोरी जागा पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"आई, चूक माझी आहे."

"कुणाची ते नंतर बघू. आधी काय झालं ते सांग, आणि मला कळेल असं सांग."

सुनेनं साहेबांच्या खोलीबाहेरच्या टेबलावरचा कागद ओढला आणि एकाखाली एक पाच शब्द लिहिले. नवं रोप. ठणठणीत. लक्ष ठेवा. उपचार चालू. तोडायचं.

"झाडाची अवस्था या पाचांपैकीच एक असते. सहावी नसते. तुम्ही फोनवर 'उपचार चालू' दाबता तेव्हा तुम्हाला शब्द दिसतो. पण फोन ती नोंद कचेरीत पाठवताना शब्द पाठवत नाही. यादीत तो शब्द कितव्या जागेवर आहे, तेवढा आकडा पाठवतो. उपचार चालू म्हणजे चार. मग कचेरीतलं यंत्र आपल्या यादीत चौथ्या जागेवर काय आहे ते बघतं आणि तो शब्द दाखवतं. खरं तर यंत्र शून्यापासून मोजतं, पण तुम्ही एकपासूनच मोजा. घोटाळा तोच आहे."

"शब्दच का नाही पाठवत?"

"आकडा छोटा. लवकर जातो. सगळे असंच करतात म्हणून मीही केलं." सुनेनं पेन्सिल उचलली. "परवा साहेब म्हणाले, 'लक्ष ठेवा' हा शब्द काढून टाका, लक्ष तर सगळ्याच झाडांवर ठेवायचं असतं. त्या अवस्थेतली झाडं होती, ती मी 'ठणठणीत'मध्ये घातली. आणि मग हा शब्द काढला."

तिनं तिसऱ्या ओळीवर काट मारली. मुकादमबाईंनी बोट ठेवून वरून मोजलं. एक, दोन. काटलेली ओळ सोडली. तीन, उपचार चालू. चार...

बोट 'तोडायचं'वर आलं.

"म्हणजे जुन्या नोंदीत चार लिहिलेलं तसंच राहिलं," त्या सावकाश म्हणाल्या, "पण चौथ्या जागेवर बसणारा माणूस बदलला."

"हो. आणि ज्यांच्यापुढे पाच लिहिलं होतं, त्यांच्यासाठी पाचवी जागाच उरली नाही. म्हणून सुरू कोरी."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा," मुकादमबाई म्हणाल्या. सुनेचे डोळे भरले, तशा त्या घाईनं म्हणाल्या, "अगं, तुला नाही म्हटलं, त्या चाराला म्हटलं. चल, लिही. काय लिहायचं ते लिही आणि खाली सही कर."

सुनेनं लिहिलं. यादी चुकली आहे. झाडांच्या नोंदी बरोबर आहेत, त्या वाचण्यात यंत्राची चूक झाली आहे, आणि यंत्रात ती चूक मी केली आहे. खाली सही. अक्षर सुबक आलं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ते खिडकीकडे बघत होते, म्हणजे खरं तर वाचत नव्हते. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सहीखाली आपल्या हातानं एक ओळ घातली, की 'लक्ष ठेवा' हा शब्द काढायला मी सांगितलं होतं. आणि फोन उचलला.

गाडीवरचा माणूस फोन उचलत नव्हता.

"यंत्राच्या आवाजात कुठून ऐकू येणार?" सून म्हणाली आणि जिन्याकडे धावली. "आई, मागे बसा."

"त्या सायकलवर? मी?"

"झाडावर चढता, सायकलला काय भिता!"

* * *

कालव्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना तुतीची झाडं. मुकादमबाई सायकलच्या मागच्या कॅरिअरवर एका हातानं सुनेची कंबर आणि दुसऱ्या हातानं आपला जीव धरून बसल्या होत्या. वळणावरूनच त्यांना ओरडणं ऐकू आलं.

"अरे, अजून किती वेळ?"

"दोर गुंतलाय!" वरून लंब्याचा आवाज.

"मघापासून गुंतलाय! सोडव ना!"

"सोडवतोय तर! एक गाठ सोडवली की दुसरी बसते. असला दोर देता तुम्ही लोक आम्हाला!"

पहिल्या तुतीच्या शेंड्यात लंब्या मांडी घालून बसला होता. चांगला सरळ दोर घेऊन तो त्याच्या गाठी मारत होता, सोडवत होता, पुन्हा मारत होता. खाली तोडणाऱ्यांचा म्होरक्या घाम पुसत होता. एक फांदी तेवढी गेली होती. लंब्या चढायच्या आधीच कुणीतरी शिडीवरून हात पुरवून कापलेली. तिचा पांढरा ओला डाग खोडावर उमटला होता.

"थांबवा!" मुकादमबाई सायकल थांबायच्या आधीच उतरल्या, त्यामुळे दोन पावलं आपोआप पळाल्या. "साहेबांचा हुकूम आहे. फोन उचला जरा, माणसानं बोलायला बनवलाय तो."

म्होरक्यानं फोन पाहिला. अकरा वेळा वाजून गेला होता. त्यानं साहेबांशी बोलून घेतलं आणि गाडीचं यंत्र बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की झाडांतल्या पाखरांनाही क्षणभर काही सुचेना.

"लंब्या, ये खाली!"

"आलो, बाई. दोर सुटला बघा आत्ताच."

मुकादमबाईंनी कापलेल्या फांदीच्या डागावर तळवा ठेवला, मग पिशवीतून लेपाचा डबा काढला. तुती चिवट असते, एक फांदी तिला जड नाही. सून शेजारी मांडी घालून पिशवीतून काढलेल्या संगणकावर काहीतरी करत होती.

"आई, मी तो शब्द परत तिसऱ्या जागी घालते. म्हणजे चार पुन्हा उपचार, पाच पुन्हा तोडायचं. सगळं पहिल्यासारखं."

"मग घाल ना. थांबलीस कशाला?"

"कालच्या नोंदींमुळे. तोडायची यादी परवा रात्रीच निघाली, म्हणून त्या तीत नाहीत. शब्दांची नवी यादी काल सकाळी सगळ्यांच्या फोनात जायला हवी होती. काहींच्या गेली, काहींच्या नाही. काल कुणी चार पाठवला असेल, तर तो जुना चार की नवा, मला इथे बसून कळत नाही. अशी नऊ झाडं आहेत. उपचार की तोडायचं, देव जाणे."

लेप लावता लावता मुकादमबाईंचा हात थांबला. "माझ्या तरुणपणी हेच झालं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या टोळीत कुणालाच वाचता येत नव्हतं. खोडावर रंगानं खुणा करायचो. गोल, फुली, दोन रेघा. त्रिकोण म्हणजे वाळवीचं औषध घाला. पुढे ते काम दुसऱ्या खात्याकडे गेलं, त्रिकोण मोकळा पडला. मग एक नवे मुकादम आले. म्हणाले, एवढी चांगली खूण वाया कशाला घालवायची? आजपासून त्रिकोण म्हणजे तोडा."

सुनेनं मान वर केली.

"जुने त्रिकोण खोडांवर तसेच होते गं. एका रस्त्यावरची अकरा धडधाकट झाडं आम्ही दुपारपर्यंत पाडली. करवतीचं एक टोक माझ्या हातात होतं. तेव्हापासून टोळीत रीत पडली, की मेलेली खूण पुन्हा कामावर घ्यायची नाही. नवं काही आलं तर नवी खूण काढायची, सगळ्यांच्या शेवटी. मेलेलीची जागा रिकामी ठेवायची."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू फोनवर शब्द दाखवत होतीस. मला काय ठाऊक, आत तुम्हीही त्रिकोणच काढता ते!"

सून हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग खाली बघून भराभर बोटं चालवायला लागली. "तिसरी जागा रिकामी ठेवते. कुणालाच देत नाही. आणि यापुढे आकडा पाठवायचाच नाही, पुरता शब्द पाठवायचा. एखाद्या यंत्राला शब्द ओळखता आला नाही, तर त्यानं तिथेच थांबून विचारायचं. अंदाजानं दुसरं काही लावायचं नाही. तुम्ही वाचता ना, तसं."

"मी वाचते तसं यंत्र वाचायला लागलं, तर लोक चहा पिऊन येतील."

"येऊ देत," सून म्हणाली.

* * *

तोवर सुक्याबरोबर ओलं जळायचं टळलं होतं, पण गाडी दिवसभराची होती आणि खरी सुकी झाडं उभीच होती. साहेबांनी फोनवरच सांगितलं, आधी ती सहा घ्या. दुपारी शाळा सुटायच्या आत सुरू उतरवली. तिचा बुंधा कापला तेव्हा बाहेर बोटभर जाडीचा नळा तेवढा उरला होता, आत सगळा भुसा. म्होरक्यानं त्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला आणि भुशानं माखलेला बाहेर काढला. साहेब स्वतः तिथे आले होते. नकाशा त्यांच्या हातात होता, पण घडी घातलेला.

"त्या नऊ झाडांचं काय करायचं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"प्रत्येक झाडाकडे जाऊन बघायचं, साहेब. दुसरा रस्ता नाही. मी नोंद करते, आई तपासतील."

"आणि यंत्र?"

"शब्द पाठवायचं काम झालंय. चार फोनांवर चालवून पाहिलं, बाकीच्यांवर उद्या सकाळी मी समोर उभी राहून घालीन. न विचारता कुणाच्याही फोनात काही जाणार नाही." तिनं संगणक मिटला. "महिनाअखेरीला माझं जे काही ठरेल ते ठरो. पण तोवर हे मला पुरं करू द्या."

साहेबांनी पायाशी पडलेला सुरूचा भुसा बुटानं हलवला. "महिनाअखेर महिनाअखेरीला बघू. चूक अशी लेखी देणारी माणसं माझ्याकडे फार नाहीत." मग मुकादमबाईंकडे वळून म्हणाले, "माझ्या गाडीतून जा तुम्ही दोघी. सायकलवर तुमचा चेहरा पाहिलाय म्हणे लोकांनी."

नऊपैकी पाच झाडांबद्दल सांगायलाही कुणी नको होतं. लेप ताजा होता, टेकू होते, उपचारच चालू होते. दोन खरोखर गेलेली होती, त्यांच्याकडे मुकादमबाईंनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'तोडायचं' म्हणाल्या. आठवं वाचनालयाच्या मागचं, ते उपचाराचंच निघालं.

नववं झाड निलगिरीचं, गाड्यांच्या तळाजवळ. ते दुसऱ्या टोळीचे मुकादम सांभाळायचे. डोक्यावरची टोपी झोपेतही काढत नाहीत अशी ज्यांची ख्याती, म्हणून ते टोपीवाले. ते झाडाखाली उभेच होते.

"मी काल काय दाबलं ते मला आठवत नाही," ते कबूल झाले. "पण साल बघा. वरपासून खालपर्यंत सुटलीय. माझं मत विचाराल तर पाडा."

"निलगिरीची साल सुटतेच हो. तुमची टोपी सुटत नाही, म्हणून काय कुणाचीच साल सुटू नये?"

टोपीवाले हसले, पण मान हलवत राहिले. "शेंड्याकडे बघा, मुकादमबाई. या मोसमात एक पान नाही."

ते खोटं नव्हतं. मुकादमबाईंनी शेंडा पाहिला, खोड ठोकलं, कान लावला. आवाज घट्टही नव्हता, पोकळही नव्हता. त्यांनी पिशवीतून हातानं फिरवून भोक पाडायचा बारीक गिरमिट काढला आणि छातीच्या उंचीवर लावला.

भुसा कोरडा आला. पिवळट, पिठासारखा. दोन बोटं आत गेला, तरी कोरडाच. टोपीवाल्यांचा चेहराच म्हणाला, पाडा. तीन बोटं. मुकादमबाईंचा दम लागला, तशी सून पुढे झाली. "द्या इकडे, मी फिरवते."

"सरळ धर. जोर लावू नकोस, वजन टाक."

सुनेनं वजन टाकलं. गिरमिट कुरकुरत आत गेला आणि मग एकाएकी आवाज बदलला. जड झाला. तिनं बाहेर ओढला तेव्हा टोकाला लाकडाचा गुंडाळलेला तुकडा होता, फिकट गुलाबी, आणि ओला. तिनं तो बोटांत दाबला, नाकाशी नेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसत्या उग्र वासानं नव्हतं.

टोपीवाल्यांनी तो तुकडा तिच्या हातून घेतला. उलटसुलट पाहिला. "बरं बाई," ते म्हणाले, "आत जीव आहे. शेंडा उतरवू आणि मुळांशी बघू. माझी माणसं उद्या सकाळी देतो."

सून बसकण मारून नोंद करायला लागली. मुकादमबाईंनी भोकात लेपाची गोळी दाबून बसवली, अंगठ्यानं कड सारखी केली आणि झाडाभोवतीची माती कुठून उकरायला घ्यायची ते बघत निलगिरीच्या पलीकडच्या बाजूला गेल्या.